चालायला सांगण्याआधी रस्त्याकडे पाहू

चालण्याविषयी आपल्याकडे सध्या जो वाद चालू आहे, त्यातले दोन्ही पक्ष चुकीच्या जागी उभे राहून भांडत आहेत, असे माझे मत आहे. एका पक्षाने दहा हजार पावलांचा धोशा लावला आहे. मनगटावरच्या यंत्राने रात्री नऊ वाजता आठ हजारांचा आकडा दाखवला, की उरलेली दोन हजार पावले दिवाणखान्यात येरझारा घालून पुरी करायची. दुसरा पक्ष बहुधा तरुण आणि जिममध्ये जाणारा आहे. चालणे हा व्यायामच नव्हे, वजने उचलल्याखेरीज प्रकृती सुधारत नाही, असे तो घरातल्या वडीलधाऱ्यांना ऐकवत असतो. इंदुरातल्या रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर अशा वस्त्यांमधल्या मराठी घरांत आणि मंडळांच्या आरोग्यविषयक व्याख्यानांत हेच दोन सूर आलटून पालटून ऐकू येतात. एका गोष्टीवर मात्र दोघांचे एकमत असते : चालणे किंवा न चालणे हा ज्याच्या त्याच्या निश्चयाचा प्रश्न आहे आणि जो चालत नाही तो आळशी आहे. मला हे गृहीतकच मान्य नाही. चालण्याने प्रकृती सुधारते याविषयी गंभीर शंका आता उरलेली नाही. परंतु एखाद्या शहरातली माणसे पुरेशी चालतील की नाही, हे त्यांच्या मनोनिग्रहापेक्षा त्या शहराच्या रस्त्यांवर अधिक अवलंबून असते. म्हणून हा प्रश्न जितका डॉक्टरांचा आहे, तितकाच महापालिकेचा आहे.

या विषयातला पहिला मोठा पुरावाच माझ्या म्हणण्याकडे बोट दाखवतो. जेरेमी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या वाहतूक कर्मचाऱ्यांचा केलेला अभ्यास १९५३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दुमजली बसचा चालक दिवसभर आसनावर बसून असे आणि वाहक दिवसभर जिना चढत-उतरत असे. संस्था एक, पगाराचा आणि राहणीचा थर साधारण एक. तरीही वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले आणि ज्यांना तो झाला, त्यांच्यातही तो तुलनेने कमी जीवघेणा ठरला. पुढे गणवेशांच्या मापांवरून दिसून आले, की चालक मुळातच अधिक स्थूल होते. तेव्हा सगळा फरक जिन्याच्या खात्यावर मांडता येणार नाही, हा आक्षेप रास्तच होता. तरी पायी टपाल वाटणारे आणि टेबलाशी बसून काम करणारे यांच्यातही तसाच फरक दिसला आणि त्यानंतरच्या सत्तर वर्षांत निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांनी मूळ निष्कर्ष उचलून धरला. मला यातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. ते वाहक व्यायाम करत नव्हते. ते तिकिटे फाडत होते. त्यांच्या हृदयाला मिळालेले संरक्षण हे पहाटे उठण्याच्या संकल्पाचे फळ नव्हते, ते त्यांच्या कामाच्या घडणीतून आपोआप आले होते.

दहा हजार पावलांचा आकडाही वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये, एका जपानी कंपनीने पावले मोजणारे यंत्र विक्रीला आणले, त्या यंत्राच्या नावातून तो जगभर पसरला. तो वाईट आहे असे नाही, पण त्याने एक नुकसान केले : चार हजार पावले चालणाऱ्या माणसाला त्याने नापास ठरवले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सरासरी ७२ वर्षे वयाच्या सोळा हजारांहून अधिक अमेरिकी स्त्रियांच्या अभ्यासात असे आढळले, की दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांचा मृत्युदर ४१ टक्क्यांनी कमी होता आणि ७,५०० पावलांच्या आसपास लाभाची चढण जवळजवळ थांबली. आजारी माणूस मुळातच कमी चालतो, त्यामुळे अशा अभ्यासांतून कार्यकारणभाव काढताना सावध राहावे लागते, हे मान्य करूनही लाभाच्या या आलेखाचा आकार विसरता येत नाही. सर्वांत मोठा फायदा तळाशी आहे, जवळजवळ न चालणाऱ्याने थोडेसे चालू लागण्यात आहे. आणि ही जी मधली दीड-दोन हजार पावले आहेत, ती कुठून येतात? भाजीला जाण्यातून, बसच्या थांब्यापर्यंत पोचण्यातून, नातवंडाला शाळेत सोडण्यातून, संध्याकाळी देवळापर्यंत जाऊन येण्यातून. ज्या शहरात ही कामे पायी होऊ शकतात तिथे ही पावले कोणाला मोजावी लागत नाहीत.

मधुमेहाच्या बाबतीत तर हा प्रश्न आपल्या दारातच उभा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. चालताना मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनच्या मदतीवाचूनही ओढून घेऊ शकतात. म्हणूनच जेवणानंतर पाचएक मिनिटांचे संथ चालणेही रक्तातल्या साखरेची उसळी कमी करते आणि आपल्या आजी-आजोबांच्या शतपावलीला आज प्रयोगशाळेचा आधार मिळाला आहे. चेन्नईमध्ये झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय मधुमेह प्रतिबंध अभ्यासात ५३१ जणांचा सुमारे तीन वर्षे पाठपुरावा केला गेला. नेहमीच्या सल्ल्यावर सोडलेल्या गटातल्या ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. आहारातला बदल आणि रोज किमान अर्धा तास चालणे यांसाठी सतत मार्गदर्शन मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्क्यांवर आले. श्रेय एकट्या चालण्याचे नाही, आहाराचेही आहे. पण यात कोणाला जिमचे सभासदत्व घ्यावे लागले नव्हते.

जिमवाल्या पक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा मी इथे मोकळेपणाने मान्य करतो. चालणे हा परिपूर्ण व्यायाम नाही. वयाच्या तिशी-चाळिशीनंतर स्नायू झिजू लागतात, स्त्रियांची हाडे रजोनिवृत्तीनंतर झपाट्याने ठिसूळ होतात, आणि खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठण्याची ताकद नुसत्या फिरण्याने टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाच्या जोडीला किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम सांगितला आहे. म्हणून ज्याला शक्य आहे त्याने डंबेल्स उचलावीत, बैठका माराव्यात, सूर्यनमस्कार घालावेत. पण ‘अपुरे’ आणि ‘निरुपयोगी’ यांच्यात फार मोठे अंतर आहे, आणि सार्वजनिक धोरण ठरवताना एक वेगळा प्रश्न विचारावा लागतो : कोणता व्यायाम सर्वांना, सर्व वयांत, पैशाशिवाय, शिकवणीशिवाय आणि वेगळा वेळ न काढता करता येतो? दिवसभर शिवणयंत्रावर बसणाऱ्या बाईला आणि सत्तरी गाठलेल्या निवृत्त कारकुनाला लागू पडेल असे चालण्याखेरीज दुसरे उत्तर मला दिसत नाही.

दुसरा आक्षेप निश्चयाचा. रस्ते सगळ्यांना सारखेच खराब आहेत, तरी काही जण पहाटे पाचला उठून चालतातच ना, असे विचारले जाते. नर्मदा परिक्रमा करणारे आजही आपल्या माळव्या-निमाडातून पायी जातातच. १९६० मध्ये विनोबांचा इंदुरात मुक्काम होता, तेव्हा साठी ओलांडलेला हा माणूस नऊ वर्षे देशभर पायी हिंडत होता. त्यांच्यासाठी कोणी पदपथ बांधले होते का? नव्हते बांधले. या उदाहरणांपुढे मान झुकवावी अशीच ती आहेत. परंतु असामान्य माणसाने काय केले यावरून सामान्य माणसाला काय जमावे हे ठरवणे अन्यायाचे आहे, आणि आरोग्याच्या इतिहासात ते कधी उपयोगी पडलेलेही नाही. पाणी उकळून प्या हा उपदेश योग्यच होता, पण शहरांतला पटकीचा जोर ओसरला तो मुख्यतः शुद्ध पाण्याच्या नळांनी आणि बंद गटारांनी. पंढरीच्या वारीचाही नीट विचार करा. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर सत्तरीचे वारकरी चालतात ते केवळ भक्तीच्या बळावर नाही. मुक्काम ठरलेले असतात, पाण्याची सोय असते, जेवणाच्या पंगती असतात आणि दिंडीत मागे पडणाऱ्याकडे पाहणारे कोणीतरी असते. श्रद्धेलाही वाट आखून द्यावी लागते, तर आरोग्याच्या इच्छेला ती नको असे कसे म्हणता येईल?

ही गोष्ट इंदूरकराला तरी वेगळी समजावून सांगण्याची गरज पडू नये. २०१७ पासून हे शहर देशातले सर्वांत स्वच्छ शहर म्हणून ओळखले जाते. त्याआधी इंदूरची माणसे अस्वच्छ वृत्तीची होती आणि त्या वर्षी एकाएकी त्यांचा स्वभाव पालटला, असे कोणी म्हणत नाही. घराघरांतून कचरा उचलणारी गाडी रोज ठरलेल्या वेळी येऊ लागली, ओला आणि सुका कचरा वेगळा घेतला जाऊ लागला, रस्त्यावरच्या ओसंडणाऱ्या कचरापेट्या हटल्या, रात्री रस्ते झाडले जाऊ लागले, देवगुराडियाचा जुना कचऱ्याचा डोंगर हलवला गेला. दंड होता, प्रबोधनही होते. लोकांनी मनापासून साथ दिली, हेही खरे. पण गाडी आलीच नसती, तर त्या प्रबोधनाचे काय झाले असते? सवय लागायला आधी व्यवस्था लागते, हे आपण या शहरात आपल्या डोळ्यांनी पाहिले आहे. मग चालण्याच्या बाबतीतच आपण गाडी न पाठवता लोकांना उपदेश का करत बसलो आहोत? झाडूने लखलखीत केलेल्या पदपथावर सकाळी नऊनंतर मोटारी आणि दुचाक्या उभ्या राहतात, पुढे विजेची डीपी येते, मग एखाद्या दुकानाचा उतार येतो, आणि म्हातारा माणूस वाहनांच्या लोंढ्यात उतरतो. स्वच्छता आणि चालण्याजोगेपणा या दोन वेगळ्या कसोट्या आहेत, आणि दुसऱ्या कसोटीला आपण अजून गंभीरपणे बसलेलोच नाही.

या शहराला ही दृष्टी कोणी दिली नव्हती, असेही नाही. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश विचारवंत होळकर दरबाराच्या निमंत्रणावरून इंदुरात आला आणि १९१८ मध्ये त्याचा दोन खंडांचा अहवाल प्रसिद्ध झाला. गेडिस मूळचा जीवशास्त्रज्ञ. गल्लीबोळांतून स्वतः हिंडल्याखेरीज तो कोणत्याही शहराविषयी मत बनवत नसे. जुन्या वस्त्या पाडून त्यांतून सरळसोट रुंद रस्ते काढण्याच्या त्या काळच्या पद्धतीला त्याचा विरोध होता. पडकी घरे तेवढी काढावीत, त्या जागी लहान चौक मोकळे करावेत, झाडे लावावीत, नदीचे काठ स्वच्छ करावेत आणि गल्ली ही माणसांसाठी राखावी, असा त्याचा आग्रह असे. शहरात तेव्हा प्लेगची भीती होती. त्याने व्याख्याने देण्यावर समाधान मानले नाही. दिवाळीच्या सुमारास मोठी मिरवणूक काढवली आणि तिचा मार्ग नेहमीचा न ठेवता, जे रहिवासी आपापली घरे आणि गल्ल्या सर्वांत चांगल्या स्वच्छ करतील त्यांच्या भागातून ती जाईल, असे जाहीर केले. लोक कामाला लागले. मिरवणुकीत अस्वच्छतेचा राक्षस होता, प्लेगचा उंदीर होता, आणि शेवटी त्यांचे दहन झाले. रोगाचा विचार रस्त्याच्या विचारापासून वेगळा करता येत नाही, हे या शहराला शंभर वर्षांपूर्वी करून दाखवले गेले आहे. त्याच्याही मागे जायचे तर अहिल्याबाई होळकरांचे देशभरातले काम आठवावे. देवळे आणि घाट सर्वांना ठाऊक आहेत. पण त्यांच्या जोडीने बांधलेल्या विहिरी, धर्मशाळा आणि चालवलेली अन्नछत्रे ही कोणासाठी होती? पायी चालणाऱ्या यात्रेकरूसाठी. चालणाऱ्याची सोय पाहणे हे राज्यकर्त्याचे कर्तव्य आहे, ही भावना होळकरांच्या या नगरीत परकी मानण्याचे काहीच कारण नाही.

इंदूरकर आळशी आहे, हा आरोप तर मला साफ खोटा वाटतो. रात्री सराफ्यात पेढ्या बंद झाल्यावर खाण्याच्या गाड्यांवर जी गर्दी उसळते, ती तास-दोन तास पायीच हिंडत असते. छप्पन दुकान या खाऊगल्लीचा रस्ता २०२० मध्ये वाहनांना बंद करून नव्याने बांधला गेला, तेव्हापासून तिथे आजीपासून नातवापर्यंत सगळे निर्धास्त फिरतात. अनंत चतुर्दशीच्या रात्री कापडगिरण्यांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, पाहायला लाखो माणसे रात्रभर चालतात. हुकुमचंद, मालवा, राजकुमार या गिरण्यांचे भोंगे वाजत होते तेव्हा हजारो कामगार पाळीवर पायी किंवा सायकलने जात. याच माणसांना, याच पायांनी, एरवी अर्धा किलोमीटरवरच्या दुकानात जायला स्कूटर का काढावीशी वाटते? कारण त्या अर्ध्या किलोमीटरमध्ये त्यांना रस्त्यावर जागा नसते.

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे बागांचे. नेहरू पार्क आहे, मेघदूत उपवन आहे, पिपल्यापाल्याचा तलाव आहे, प्रत्येक वसाहतीत छोटे उद्यान आहे. तिथे जाऊन चाला. बागा हव्यातच, त्या आणखी हव्यात. पण बागेतले चालणे हे वेगळा वेळ काढून करायचे चालणे आहे, आणि तो वेळ घरात प्रथम कोणाला मिळतो याचा विचार करावा. सकाळी सहाला फिरायला बाहेर पडणाऱ्या पुरुषाच्या घरी त्याच वेळी कोणीतरी डबे भरत असते. तिला चालणे मिळाले तर ते शाळेच्या, दुकानाच्या, नोकरीच्या वाटेवरच मिळणार. आणि संध्याकाळी त्या वाटेवर दिवा नसेल, तर तेही जाईल. ज्येष्ठांची गोष्ट याहून नाजूक आहे. आपल्या मराठी वस्त्यांमध्ये मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशी गेलेली आणि घरी दोघेच राहणारी अशी कितीतरी जोडपी आहेत. त्यांच्या लेखी दत्तमंदिरापर्यंत, वाचनालयापर्यंत, मित्राच्या घरापर्यंत स्वतःच्या पायांनी जाता येणे हेच स्वातंत्र्य. एका उखडलेल्या फरशीवरून पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले, की मग उभे राहायलाच कित्येक महिने जातात, आणि काही जण पुन्हा पूर्वीसारखे चालत नाहीत. त्या भीतीने आधीच घरात बसलेला माणूस कोणत्याही अपघाताच्या नोंदीत सापडत नाही. तो फक्त दरवर्षी थोडा अशक्त होत जातो. त्याला दहा हजार पावलांचे लक्ष्य देणे हे क्रूरपणाचे आहे.

वाहतुकीचा प्रश्न मी टाळत नाही. शहर वाढले आहे, माणसांना दूर कामावर जायचे असते आणि कोंडीत अडकलेल्या रुग्णवाहिकेचे दुःख खरेच असते. पदपथ रुंद केला तर मोटारीचा रस्ता अरुंद होणार, हेही स्पष्ट आहे. परंतु बसने जाणारा प्रत्येक माणूस प्रवासाच्या दोन्ही टोकांना पादचारीच असतो. अमेरिकेतल्या २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सार्वजनिक वाहनाने प्रवास करणारे निम्मे लोक केवळ थांब्यापर्यंत जाण्यायेण्यात दिवसाला १९ मिनिटे किंवा अधिक चालतात असे दिसले. म्हणून बसची वेगळी मार्गिका ठेवावी की काढावी, यावर इंदुरात इतकी वर्षे जो वाद झाला, त्यात त्या मार्गिकेमुळे मोटारींना किती अडथळा होतो याचीच चर्चा अधिक झाली आणि थांब्यापर्यंत माणूस पोचतो कसा, हा प्रश्न मागेच राहिला, याची मला खंत वाटते. फेरीवाल्यांचा मुद्दाही असाच अर्धवट मांडला जातो. २०१४ च्या कायद्याने त्यांच्या उपजीविकेला संरक्षण दिले आहे आणि ते योग्यच आहे. रात्री उशिरा घरी परतणाऱ्या मुलीला कोपऱ्यावरची भाजीची गाडी आणि तिचा दिवा आधारच देतो. गाडीला आखलेली जागा दिली तर वाट आणि पोट दोन्ही राहतात. दिवसभर फुकट उभ्या असलेल्या मोटारीसाठी मात्र असा कोणताच युक्तिवाद करता येत नाही.

ऊन आणि धूर हे आक्षेप खरे आहेत, पण तेही आपल्याला रस्त्याकडेच घेऊन येतात. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो तेव्हा दुपारी कोणी चालू नये. पण माळव्याच्या संध्याकाळी गार असतात, आणि झाडाखालचा रस्ता मार्च-एप्रिलमध्येही चालण्याजोगा राहतो. रस्तारुंदीत पहिली कुऱ्हाड पडते ती नेमकी या झाडांवर. हवेविषयी २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केंब्रिजच्या संशोधकांच्या गणितानुसार, सूक्ष्म कणांचे प्रमाण घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम असलेल्या दूषित हवेतही रोज दीड तासापर्यंत सायकल चालवण्याचा फायदा तोट्याहून अधिक असतो, आणि चालण्यासाठी ही मर्यादा त्याहून कितीतरी पुढे आहे. दम्याच्या आणि हृदयाच्या रुग्णांनी थंडीतल्या धुरकट सकाळी घरात थांबावे, एवढी काळजी पुरे.

शेवटी हा जीविताचाही प्रश्न आहे. २०२२ मध्ये देशातल्या रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतले ३२,८२५ पादचारी होते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथ वापरण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातल्या जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले. मोजमापेही ठरलेली आहेत. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या ‘भारतीय रस्ते काँग्रेस’ या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार निवासी भागात पदपथावर किमान १.८ मीटर रुंदीची अडथळामुक्त जागा हवी आणि त्याची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी, म्हणजे गुडघे दुखणाऱ्यालाही चढता यावे. सिग्नलवर रस्ता ओलांडायला दिलेल्या वेळेचे गणित सेकंदाला १.२ मीटर या वेगावर बांधले जाते. काठी घेऊन चालणारी पंच्याहत्तर वर्षांची बाई त्या वेगाने चालत नाही. तेव्हा आमच्या मंडळांनी यंदाच्या आरोग्य व्याख्यानाला डॉक्टरांबरोबर महापालिकेच्या अभियंत्यालाही बोलवावे. टेप घेऊन आपल्या वॉर्डातली शाळा, बाजार आणि बसथांबा यांना जोडणारा रस्ता सभासदांनी आधीच मोजून ठेवावा, कुठे १.८ मीटर आहेत आणि कुठे नाहीत ते कागदावर मांडावे, आणि ती वाट सलग कधी होणार, याची तारीख त्याच सभेत मागावी.